काल काय खाल्लं?

दुकानात कोणीही शिरलं तरी चाचा "काय हवंय?" असं कधी विचारत नसत. चष्मा कपाळावर ढकलायचे, हातातलं माप पोत्यात तसंच खोचून ठेवायचे आणि विचारायचे, "काल काय खाल्लं?"

नवखा माणूस गडबडायचा. एका गृहस्थांनी माझ्यासमोर प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मिसळ." चाचांनी तितक्याच गांभीर्याने मान डोलावली. "तुमच्या पोटाचं तुम्ही बघा साहेब. कुत्र्याने काय खाल्लं?"

द्वारकेच्या चौकात तुम्ही कधी ना कधी अडकला असालच. पुढच्या वेळी अडकलात तर डाव्या हाताच्या गल्लीत डोकवा. तिथे चाचांचं पशुखाद्याचं दुकान होतं. बाहेर सरकी पेंडेची पोती, आत मक्याचा भरडा, आणि मागच्या भिंतीला एक फळी. तिच्यावर कुत्र्यांच्या खाण्याची चकचकीत पाकिटं. पाकिटावरची कुत्री अशी दिसायची की त्यांना कधी भूक लागली असेल असं वाटू नये.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती त्या फळीशी भांडायच्या तयारीनेच. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा कामगारांचे पुढारी. बाराखडी मी "बंधूंनो आणि भगिनींनो" वरून शिकले. आता बाबा नाहीत, पण पलंगाखाली त्यांच्या पत्रकांचे गठ्ठे आहेत. मी सभांना जायचे, उशिरा परतायचे, आणि आई दिवसभर एकटी. म्हणून घोटीहून एका मैत्रिणीने दोन महिन्यांचं पिल्लू आणून दिलं तेव्हा मी आईला न विचारताच ते ठेवून घेतलं. नावही ठेवलं, मोर्चा.

आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. "आठ दिवस," ती म्हणाली. "घर घाण केलं तर हा मोर्चा जिथून निघाला तिथे परत."

चौथ्या दिवशी घर नुसतं घाण नव्हतं, धुण्यापलीकडे गेलं होतं. बाबांच्या पत्रकांचे दोन गठ्ठे मोर्चाखाली अंथरून संपले होते. आई बादली आपटत होती आणि पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून उभं होतं. त्याला पाठीवरून हात फिरवला तर हाडं मोजता येत होती.

चाचांसमोर मी ताठ उभी राहिले. "मला कंपनीचं खाणं नकोय. दुसरं काहीतरी द्या."

"काल काय खाल्लं?"

"चिकनचं सूप. हॉटेलातून आणलेलं, आईच्या नकळत."

"परवा?"

"शेजारच्यांनी पाकीट दिलं होतं, त्यातलं थोडं. तत्त्वात बसत नाही, पण..."

"त्याच्या आधी?"

"म्हशीचं दूध आणि पोळी."

चाचांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "या अल्ला! तीन दिवसांत तीन सरकारं बदलली पोरी तू. त्याच्या पोटाने कुणाचा हुकूम ऐकायचा?"

मग एकदम आवाज बदलून त्यांनी एकेक प्रश्न विचारला. शौचात रक्त आहे का? पाणी पोटात राहतंय का? उठतो का, की पडूनच असतो? रक्त नव्हतं, पण सकाळपासून तो फारसा उठला नव्हता. तेवढ्यावर चाचांनी हात झटकला. "मग माझ्याकडे काय करतेस? आधी डॉक्टर. मी पेंड विकणारा माणूस आहे."

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पोटाचं औषध दिलं आणि सांगितलं, कुठलं तरी एकच खाणं द्या, जे त्याला पचतंय ते. कुठलं पचतं ते मला माहीत नव्हतं. मी पुन्हा चाचांकडे.

"घोटीला काय खायचा?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून ये. एस.टी. बंद पडली का? ज्याचं कालचं मला ठाऊक नाही, त्याला उद्याचं काय सांगू?"

मला राग आला. कुत्र्याच्या जेवणाची चौकशी करायला घोटीला! पण घरी आईने आठ दिवस बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. गेले.

पिल्लू भाताच्या एका गिरणीतलं होतं. राखणदाराची बायको पोती झाडत होती. मी विचारलं तर ती हसायलाच लागली. "आता ते काय खानार बाई? कणीची पेज, अन् वरून सुकटाचं पानी. त्याच्या आईलाबी तेच. दूध आमालाच नाय, त्याला कुठून?" मग तिने मूठ मूठ करत अर्धा किलो कणी माझ्या पिशवीत घातली. "लय गुणाचं व्हतं ते," म्हणाली. "वासावर यायचं."

कणी मिळाली. सुकट? आमच्या स्वयंपाकघरात अंडंही शिजत नाही. आईने नुसतं ऐकूनच खिडकी उघडली.

हे चाचांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ दाढी खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरखालून एक लहान बाटली काढली. चाचींनी सुकट दोनदा पाण्यात भिजवून, खारटपणा काढून उकळलं होतं. "फक्त पाणी आहे. तुझ्या आईचं भांडं बाटणार नाही. अंगणात मिसळ."

त्या संध्याकाळी मोर्चा अंगणात पेज चाटायला लागला आणि वाटी पुढे ढकलत ढकलत थेट तुळशीपर्यंत घेऊन गेला. आई दारात उभी होती. ती बोटं मोजायची थांबली.

पोट जागेवर आलं. मी तर जिंकल्याच्या थाटात चाचांकडे गेले. बघा, गरिबाघरची पेजच खरी! कंपन्यांचा डाव उघडा पडला! चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं. "झालं?" ते म्हणाले. "पेजेवर कुत्रा जगतो बेटा, वाढत नाही. हाडांवर मांस धरायचं आहे त्याला. तुझी आई अंडं शिजवू देत नाही, मटण-चिकन घरात येत नाही, तू दिवसभर बाहेर. मग वाढीचं खाणं कुठून आणणार? पत्रकातून?"

त्यांनी फळीकडे पाहिलं, मी दुसरीकडे.

त्यांनी एक रिकामी डबी घेतली आणि खिळ्याने तिच्या आतल्या बाजूला चार रेघा ओढल्या. "पहिले तीन दिवस तीन रेघा जुनं, एक रेघ नवं. मग दोन-दोन. मग एक रेघ जुनं, तीन नवं. आणि वर बघायचं नाही, खाली बघायचं."

"खाली म्हणजे?"

"म्हणजे शी बघायची, अजून काय! पाकिटावरचं चित्र कुत्र्याला दिसतं का? पातळ झालं की एक पाऊल मागे. मागे यायला लाजायचं नाही."

पाकीट मात्र त्यांनी दिलं नाही. उघड्या डब्यातून दोन ओंजळी दाणे तोलून पुडी बांधली. त्यांचा नियमच होता, आधी पुडी, मग पोतं. गंगापूर रोडवरचे एक साहेब मोठ्या गाडीतून आले होते, नव्या लॅब्राडॉरसाठी सगळ्यात महागडं मोठं पोतं मागत होते. चाचांनी त्यांनाही पुडीच दिली. साहेब चिडले, "अहो, मी पैसे देतोय!" चाचा म्हणाले, "तुम्ही देताय, पण खाणार तो आहे. त्याने नाही म्हटलं तर एवढं पोतं तुम्ही खाणार का?" कळवणकडचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला, "चाचा, म्हैस नवी पेंड तोंडात घेत नाय," तर त्यालाही तेच. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, जुनी पेंड संपवून का आलास, मूठभर तरी ठेवायची. साहेब आणि म्हैस यांच्यात चाचांनी कधी फरक केला नाही. मी समतेवर किती लिहिलंय, पण ती एवढी सोपी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. इतक्या पिल्लांची पोटं जागेवर आणणाऱ्या या माणसाने कुत्र्याला कधी हात लावला नाही. पाच वेळचे नमाजी. "लाळ लागली की कपडा धुवा, हात धुवा. दिवसभर तेच करू का? आपली दुरून दोस्ती." त्यांच्या स्टुलापासून दोन हातांवर उंबऱ्याजवळ खडूची एक रेघ असायची. पिल्लू रेघेपलीकडे. तिथूनच ते त्याचे डोळे बघत, पाठ बघत, चाल बघत. मोर्चा पहिल्यांदा रेघ ओलांडायला निघाला तेव्हा चाचा स्टुलावर पाय वर घेऊन बसले आणि ओरडले, "ए मोर्चा! जमावबंदी आहे!" तिसऱ्या खेपेला तो आपण होऊन रेघेवर बसला. त्यांच्याकडे अशा नजरेने बघायचा की मला मत्सर वाटावा.

मध्ये एकदा एक पाऊल मागे यावं लागलं, पण तेराव्या दिवशी डबीत चारही रेघा नव्या खाण्याच्या झाल्या. सकाळी मी खाली पाहिलं, सगळं घट्ट होतं. आनंदाने मी आईला हाक मारली तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मी बघितलं पहाटेच. आणि ती डबी इकडे दे. तू माप दाबून भरतेस, पोराला जड होतं." आठ दिवसांचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

माझ्या तत्त्वांचं काय झालं? ती मी एका पत्रकात ओतली. चार परिच्छेद, सहा उद्गारचिन्हं, कंपन्यांच्या नफेखोरीचा निषेध. ते काउंटरवर ठेवा म्हणून चाचांना दिलं. त्यांनी बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. मराठी ते सावकाश वाचत, पण एकही ओळ सोडत नसत.

"चांगलं आहे. खरंही आहे," ते म्हणाले. "पण यात खायचं काय ते कुठेच नाही. भुकेलं पिल्लू घेऊन आलेल्या माणसाने हे घेऊन जायचं कुठे?"

मी दुसरं लिहिलं. त्यांनी त्यातले "भांडवली" आणि "क्रूर" काढायला लावले. "ओरडायचं तर शेवटी ओरड. पहिल्या ओळीत प्रश्न विचार." पहिली ओळ झाली, काल काय खाल्लं? मग चार रेघांचं माप, म्हशीच्या दुधाबद्दल एक ताकीद, आणि कोणत्या वेळी दुकानात न येता सरळ डॉक्टरकडे जायचं. शेवटी, दाराशी येणाऱ्या कुत्र्यालाही मूठभर ठेवा. बस, अकरा ओळी. लोकांनी घडी करून खिशात ठेवलेलं माझं ते पहिलं पत्रक.

यंदा चाचांचा धंदा विस्कटायला लागला. आधी शुक्रवारी फक्त दुपारी बंद असायचं, ते शुक्रवारभर बंद राहू लागलं. मग रोज संध्याकाळचं शटर खाली. मग एक दिवसाआड. उघडं असलं तरी अर्धं सामान देत, उरलेलं मागच्या रस्त्यावरच्या नव्या दुकानातून घ्यायला सांगत. "चांगला माणूस आहे. त्याला तुझं पत्रक दिलंय." मी चिडले. बंद शटरसमोर मोर्चाला घेऊन तीनदा उभी राहिले, आणि चौथ्यांदा चाचा भेटले तेव्हा फार वाईट बोलले, तोंडावर. चाचा हसले फक्त. मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही. शेजाऱ्याने सांगितलं, मालेगावला लेकीकडे गेले, कायमचे.

घरी येऊन मोर्चाची डबी भरताना आतल्या रेघांवर माझा हात थांबला. तीन रेघा जुनं, एक रेघ नवं. मग दोन-दोन. मग एक.

मी फोन लावला. "चाचा, तुम्ही आम्हाला हळूहळू सोडवलंत ना? माप लावून?"

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "काय काय डोक्यात येतं तुझ्या! गुडघे दुखत होते बेटा. शटर उचलेना." मग, "मोर्चाने काल काय खाल्लं?"

मी सगळं सांगितलं, अगदी आईच्या ताटातल्या तुकड्यापर्यंत.

फिरायला जाताना आम्ही अजून त्याच गल्लीतून जातो. खडूची रेघ पुसली गेली आहे. मोर्चा तरी नेमका तिथेच बसतो, शटरपासून दोन हात लांब. आधी बराच वेळ बसायचा. मग थोडा कमी. आता जेमतेम टेकतो आणि उठून साखळी ओढतो. मी त्याला म्हणते, थांब रे जरा.