कोथिंबिरीची सर्व्हिस

नोव्हेंबरात नवरा गेला. फेब्रुवारी संपत आला तरी सुचेताच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि आता तिला त्याचीच धास्ती बसली होती.

इथे इंग्लंडात क्रेमॅटोरियममधली सर्व्हिस, म्हणजे अंत्यविधी, अर्ध्या तासात उरकली, पुढच्या अंत्यविधीची मंडळी दारात ताटकळत होती ना! हॅरोच्या सुमनमावशी ओक्साबोक्शी रडल्या. पुरुषोत्तमला त्या आयुष्यात दोनदा भेटल्या असतील, आणि त्यांना पाणी कोण देत होतं, तर ही! पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, रडून घे." घे म्हणे! रडू काय दुकानात मिळतं?

पुरुषोत्तम गोदामातले हिशेब बघायचा. घुम्या माणूस. जेवण कसं झालंय विचारलं तर "बरंय" म्हणायचा, संपलं. आपण याच्याशी संसार केला की एका घरात दोन भाडेकरू राहिलो? प्रेम मुळात होतं तरी का? एवढा एकच प्रश्न तिला कुरतडत होता. बाकी सगळं बधिर. चहा गार झालेला आहे हे तो पिऊन झाल्यावरही तिला कळत नसे.

कामावर मात्र ती जात होती. पुण्यात जपानी शिकलेली, शिकवलेली बाई. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटजवळच्या छोट्या ऑफिसात ती वेबसाइटची नावं जोखायची. इथले लोक इंग्रजी शब्दांची डोमेन घेऊन ठेवतात आणि जपानी कंपन्यांच्या गळ्यात मारायला बघतात. कुठलं नाव तिकडे चालेल आणि कुठलं आपटेल, ते सुचेता सांगायची. गोऱ्याला वाटतं, शब्द आपल्या बापाचा. कसलं काय! जपानात मॅन्शन म्हणजे साधा फ्लॅट, स्मार्ट म्हणजे सडपातळ, क्लेम म्हणजे तक्रार. शब्दसुद्धा सासरी गेला की तिकडचाच होतो.

त्या दिवशी एका लंडनवाल्यानं घेऊन ठेवलेलं नाव आलं, ‘बिग सर्व्हिस’. टोकियोच्या वकिलांना विकायचं होतं.

"वकिलांना नको," सुचेता म्हणाली. "एखाद्या सेलवाल्या दुकानाला दे."

शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा अनुप चकित झाला. "का हो ताई? सर्व्हिस तर भारी शब्द आहे."

"तिकडे दुकानदार सर्व्हिस म्हणाला की फुकट. सहा संत्री घेतलीस, त्यानं सातवं हातावर ठेवलं, ती सर्व्हिस. बिग सर्व्हिस म्हणजे फुकटाची खैरात. असा वकील कोण करेल?"

"अच्छा, म्हणजे भाजीवाल्यानं वर घातलेली कोथिंबीर!"

सुचेताचा हात कीबोर्डवर थांबला.

हा एकच जपानी अर्थ पुरुषोत्तमला पाठ होता. तिनंच कधीतरी सांगितलेला. दर शनिवारी तो हसमुखभाईंच्या भाजीच्या दुकानात जायचा आणि ही गाडीत बसून राहायची, कारण नवरा तिथं फुकट कोथिंबीर मागतो याची तिला लाज वाटायची. तो बाहेर यायचा, पिशव्या मागे टाकायचा आणि जुडी तिच्या हातात द्यायचा. "सर्व्हिस!" म्हणायचा. ती कपाळाला हात लावायची. "शोभतं का तुम्हाला, इतका पगार असून?" तो हसायचा. तेवढाच काय तो हसायचा.

आठवलं सगळं, पण आतून काही हललं नाही. तिनं मत लिहिलं: ‘वकिलांसाठी निरुपयोगी.’ आणि पुढचं नाव उघडलं.

घरी जाताना मात्र ती पहिल्यांदाच त्या दुकानात शिरली. बटाटे, वांगी घेतली आणि कोथिंबिरीची जुडी वर ठेवली. हसमुखभाईंनी तिचेही पैसे लावले.

"ये तो आप फ्री देते हैं ना?" ती म्हणाली. "मेरे हसबंड को देते थे. चष्मेवाले, लंबे, मराठी."

"अरे, पुरुषोत्तमभाई! दिखते नहीं आजकल?" म्हातारा खुशीत आला. मग हसू लागला. "फ्री? बेन, इस दुकान का किराया मालूम है? वो तो हर बार पैसा देते थे. बस इतना बोलते, थैली में मत डालो, हाथ में दो. गाडी में वाइफ बैठी है."

सुचेतानं पैसे दिले. पुरुषोत्तम गेला हे सांगायचं राहूनच गेलं. ती कशीबशी बसस्टॉपपर्यंत आली आणि तिथं, शाळेतून सुटलेल्या पोरांसमोर, त्या खोटारड्या माणसासाठी हमसून हमसून रडली. एक बस गेली, दुसरीही गेली. एका बाईनं टिश्यू पुढे केला, पिशवी धरू का म्हणून विचारलं.

तिनं पिशवी त्या बाईकडे दिली. जुडी दिली नाही.