चोचीचा वास

गोदूबाईचा भरवसा दुधावर नव्हता, दूधवाल्यावर नव्हता, आणि शेजारच्या शालिकरामवर तर मुळीच नव्हता. कुणी हसून बोललं की ती घरी येऊन दाराची कडी तपासायची. पारशिवनीजवळच्या त्या खेड्यात तिला हसायचे सगळे. पण नवऱ्यामागे कोंबड्या पाळून तिने एकटीने मुलगा वाढवला, तो असं डोळ्यांत तेल घालूनच.

त्या सकाळी खुराडं उघडलं तर दोन कोंबड्या मरून पडलेल्या. तुरे काळेनिळे. गोदूबाईने थेट कुंपणाकडे पाहिलं. आपल्या वाफ्यात कोंबड्या शिरतात म्हणून शालिकराम कालच कुरकुरला होता.

"वहिनी, उघड्या हातानं नोका उचलू," तो पलीकडून म्हणाला. "बर्ड फ्लू असन. पशुदवाखान्यात फोन करतो मी."

"तुले काहून एवढी काळजी?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! विष घातलं की त्याचा वास चोचीत राहतो, असं तिची सासू सांगायची. गोदूबाईने कोंबडी उचलली, चोच फाकवली आणि नाक लावून हुंगली. वास आला नाही. मग दुसरी हुंगली. हात पदराला पुसले आणि आत जाऊन सुनेच्या सुजलेल्या पायांना तेल चोळत बसली. मयुरीला आठवा महिना होता.

दुपारी डॉक्टर आले, अंगभर पांढरा झगा, मास्क, हातमोजे. कोंबड्या न्यायचा हा नवा बहाणा, असं गोदूबाईला वाटलं.

"कोणी हात लावला होता यांना?"

शालिकराम कुंपणापलीकडे वाफ्यातलं तण उपटू लागला. त्याने सांगितलं असतं तर ती भांडली तरी असती.

"मीच. हुंगल्या बी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. रोग असेल तर तो लाळेतून, विष्ठेतून माणसाच्या नाकातोंडात जातो, म्हणाले. साबणाने हात धुवा, ताप-खोकला आला तर लगेच दवाखाना गाठा, कोंबड्यांचंही सांगा. "घरात गरोदर बाई आहे का?"

गोदूबाईने आपल्या तेलकट हातांकडे पाहिलं.

संध्याकाळी तिने रिकाम्या गोठ्यात खाट टाकली. मयुरी चहा घेऊन आली.

"तिथंच ठेव वं. जवळ नोको येऊ."

"आई, काही नाही होत. हात धुतले ना तुम्ही?"

"साऱ्या गावावर संशय घेतला, या हातायवर घ्याचा राह्यला." तिने हात मांडीखाली दडपले. "पाय धुतले का तू, साबणानं?"

"दोनदा धुतले."

"आणखी धू."