अळणीला चिनी शब्द

"डबा उचल आणि बाहेर जा. सगळ्या कँटीनला वास मारतोय."

साहेब सगळ्यांदेखत बोलले. डब्यात सुकटीची चटणी होती. कुणीतरी हसलं. मी डबा उचलला आणि मागे रिकाम्या ड्रमांपाशी जाऊन जेवले. रडले नाही. रडावं हेही सुचलं नाही.

बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवते. कापडाच्या पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि रंग बरोबर आहे का ते सांगायचं. नजर माझी, सही साहेबांची. घर चिंचणीजवळच्या कोळीवाड्यात. सुकी मच्छी विकूनच आईने मला बीएस्सी केलं. तिलाच मी सांगितलं, उद्यापासून डब्यात मासळी नको. ती एवढंच म्हणाली, "मच्छीशिवाय कसी जेवशील गो?"

जेवले. दोन वर्षं वरण-भात. तोही ड्रमांपाशीच. आत ये असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही.

यंदा नवं मशीन बसवायला एक चिनी मेकॅनिक आला. त्याला कँटीनचं तिखट सोसेना. एकदा ताट घेऊन माझ्यापाशी येऊन बसला. मी वरण वाढलं. चाखून म्हणाला, "तान." त्याच्या मोबाइलवर मराठीत अर्थ आला: अळणी, सौम्य. दुपारी मी धरलेल्या फिक्या गुलाबी पट्टीवर बोट ठेवून पुन्हा तेच, "तान." मला गंमत वाटली. हा शब्द आणखी कशाकशाला चालतो, मी विचारलं. उत्तर आलं: वागण्यात ओलावा नसला, मन कशातच नसलं, तरी तान.

मी ते तीनदा वाचलं. मासळी बंद करून डबा मीच अळणी करून घेतला होता, आणि त्यासोबत मीही तशीच झाले होते. कुणी काही बोललं तरी आत काही हलत नव्हतं. त्या दिवशी लाज वाटली. स्वतःचीच.

दुसऱ्या दिवशी तोच वरण-भात घेऊन मी कँटीनमध्ये बसले. साहेब आले. म्हणाले, "तुझी जागा बाहेर आहे ना?"

म्हणजे सुकटीचं नुसतं निमित्त. वास त्यांना माझाच येत होता.

"नाय," मी म्हटलं. "माझी जागा हीच हाय."

कारखान्यात मी घरच्या बोलीत पहिल्यांदाच बोलले. साहेब तडक मॅनेजरकडे गेले. जाऊ देत. मेमो येईल, नोकरीही जाईल कदाचित. आईला सांगून ठेवलंय, सोमवारपासून डब्यात मच्छी घाल. आत बसूनच खाणार आहे. ज्याला वास येईल, त्याने बाहेर जावं.