त्याच्या मायनं काय केलं?

बडनेरा स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून "जातो" म्हणाले आणि तेवढ्या गर्दीत माय माझ्यावर चिडली. "जातो म्हनू नाई. येतो म्हनाव." मी येतो म्हटलं (आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात), तेव्हा कुठं तिनं "येजो", म्हणजे परत ये, म्हटलं. शेंदूरजनाघाटच्या आमच्या घरातून या दोन शब्दांशिवाय कोणी बाहेर पडत नसे, मग जाणं वरुडच्या बाजारात असो नाही तर आयर्लंडला. बाबा मागे पाण्याची बाटली धरून उभे होते. ती मला द्यायची राहूनच गेली. येजो म्हणायचं काम मायचं होतं, त्यांचं नव्हतं.

नर्सिंग शिकताना मी अमरावतीत राजापेठेत खोली करून होते, तेव्हा सुट्टी मिळाली की घरी पळायची. आता आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळच्या एका गावात, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी करते. स्वतःची माय सोडून दुसऱ्यांच्या माया सांभाळून राहिली, असा टोमणा माझी मावसबहीण मारते. तिचं चुकत नाही.

इथला मोठा सण सतरा मार्चला, संत पॅट्रिकच्या पुण्यतिथीला. पहिल्या वर्षी मला वाटलं, यात्राच भरली. सारं गाव हिरवे कपडे घालून थंडीत कुडकुडत रस्त्यावर, बँडच्या मागे ट्रॅक्टरची मिरवणूक, पोरांचे गाल हिरवे. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू असतात, पण त्या एका दिवसाला सूट. आपल्याकडे याला उपास मोडणं म्हणतात, इथं परंपरा म्हणतात. प्रत्येकाच्या कॉलरला शॅमरॉक, म्हणजे तीन पानांची एक बारीक भाजीसारखी डहाळी. रात्री दारूच्या शेवटच्या ग्लासात ती बुडवायची आणि संताच्या नावानं तो ग्लास रिकामा करायचा.

हे सगळं मला नोरानं सांगितलं. नोरा आमच्या नर्सिंग होममधली म्हातारी, आयुष्यभर गाई पाळलेली. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. सण जवळ आला की ती त्याला पाकिटात घालून शॅमरॉक पाठवते. पोचेपर्यंत पानं वाळून जातात, तरी पाठवते. परदेशी गेलेल्यांना असं पाठवायची इथं जुनी रीत आहे.

तिनंच सांगितलं की पॅट्रिक मुळात इथला नव्हेच. समुद्रापलीकडच्या ब्रिटनमधून त्याला पोरवयात पळवून आणलं, गुलाम केलं, डोंगरावर मेंढ्या राखायला लावलं. काही वर्षांनी तो निसटून घरी पोचला. घरच्यांनी हात जोडले, आता कुठं जाऊ नको. पण त्याला स्वप्नात इथल्या लोकांचा आवाज आला, ये, आमच्यात ये. आणि तो कायमचा इकडे आला. तीन पानं दाखवून त्यानं इथल्यांना आपला तिघांत एकच असलेला देव समजावला, असं म्हणतात. या देशात साप नाहीत, तेही त्याच्याच नावावर.

मी हे व्हिडिओ कॉलवर मायला सांगत होते. शॅमरॉक कॅमेऱ्यापुढे धरलं तर ती म्हणाली, हे त बेल व्हय. साप हाकलले हे तिला फार आवडलं, संत्र्याच्या बागेत ओलित करताना, रात्री पाणी सोडताना असा माणूस जवळ पाहिजे म्हणे. त्याच आठवड्यात मी घरी कळवलं होतं की मी इथं घर घेते आहे. गोष्ट संपली आणि तिनं विचारलं, "मंग त्याच्या मायनं काय केलं?"

मी म्हटलं, ते गोष्टीत नाही. ती म्हणाली, असं काय. मग मी जेवले का ते विचारलं.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास ती गेली. झोपेतच. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. तेरवी आटोपली आणि निघायच्या दिवशी बॅग गाडीत ठेवून मी सवयीनं दाराकडे वळून म्हटलं, येतो. दारात बाबा एकटेच होते. त्यांनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला.

"तुयी माय येजो म्हने, आन मंग दिवस मोजत बसे. माह्याच्यानं ते मोजनं होत नाई. तू जाय, बाई."

आमच्या घरात कोणी कोणाला जाय म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला रागही आला नाही. नागपूरच्या विमानतळापर्यंत मी नुसती रडत गेले.

कामावर परतले तर नोरानं माझा हात धरला आणि म्हणाली, आलीस घरी. तिनं मायेनंच म्हटलं, पण मला ते सोसलं नाही.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात आणि जे तिकडे राहिलात, त्यांनी घर कशाला म्हणायचं ते आपापलं ठरवावं. हप्ते मी इथल्या घराचे भरते. माझ्यापुरतं घर म्हणजे, जिथून निघताना कोणी येजो म्हणतं ते. असं घर आता मला नाही.

यंदा सतरा मार्चला चर्चमध्ये पाद्रीबाबांनी पॅट्रिकची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याची आई याही वेळी गोष्टीत नव्हती. पण तिनं काय केलं ते आता मला ठाऊक आहे. येजो म्हटलं, आणि दिवस मोजले.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. संत्र्याच्या भावाचं बोलून झालं, पाण्याचं झालं. ठेवताना मी म्हटलं, "बाबा, येतो."

ते म्हणाले, "जेवून घेजो."