एका गोळीत मरणारा नट

परळहून शेजारच्या नाईकांचा फोन आला तेव्हा मी गिरगावात घरी दाढी करत होतो. "बाळू, तुझा मामा दार उघडत नाहीये रे. दूधवाला दोनदा येऊन गेला." एवढंच. आवाज नेहमीसारखाच. पण मी अर्धी दाढी तशीच ठेवून खाली उतरलो आणि टॅक्सी पकडली, कारण मला माहीत होतं. नऊ दिवस मी याच फोनची वाट बघत होतो. भेटायला आलेले सगळे म्हणाले, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, झोपेत गेला, सोन्यासारखं मरण आलं. म्हणू देत. मला विचाराल तर मामाला मी मारलं. त्याचं गुणगान छापून झालंय, फोटोसकट. मी बसलोय ते राहिलेलं सांगायला.

अंतूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. जुने मराठी सिनेमे बघणाऱ्यांना तो नावाने आठवायचा नाही, चेहऱ्याने आठवेल. फौजी, हवालदार, जंगलखात्याचा गार्ड, नाहीतर मध्यंतराच्या आत मरणारा हिरोचा थोरला भाऊ. लालबागच्या चाळीत वाढला. त्याच चाळीतला वामन हा त्याचा जिवलग दोस्त, दोघं एकाच दिवशी फौजेत भरती झाले. एकाहत्तरच्या लढाईतून मामा गुडघा अधू होऊन परत आला. वामन आला नाही. मामाने वामनच्या आईसमोर बसून सांगितलं, "काकू, एका गोळीत गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." हे वाक्य आमच्या घरात लहानपणापासून मला पाठ आहे. वामनचा विषय निघाला की कुणीतरी ते म्हणायचंच, आणि मग विषय संपायचा.

सिनेमात तो आला तो बंदूक शिकवायला. कुठल्याशा चित्रात फौजेचा प्रसंग होता, नटांना रायफल नीट धरता येईना, म्हणून कुणीतरी मामाला नेलं. त्यातला एक नट आजारी पडला आणि वर्दी मामाला बसली. गोळी लागते, तो पडतो, खलास. तेवढंच काम. पण ते चित्र लागलं तेव्हा वामनची आई, जिने जन्मात तिकीट काढलं नव्हतं, ती धाकट्या लेकीला, कुसुमला, घेऊन बघायला गेली. तिथून तडक मामाकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "असाच ना रे गेला माझा वामन?" मामा म्हणाला, "असाच, काकू." म्हातारी रडली, चहा प्यायली, घरी गेली. त्यानंतर मामाचं एकही चित्र तिने चुकवलं नाही.

आणि मामानेही मरण बदललं नाही. माझे वडील मेकअपमन, त्यांच्यामागे पेटी माझ्याकडे आली. तीसेक वर्षं मामाचं तोंड मी रंगवलं. त्या काळात मरताना लांबलचक बोलायची पद्धत होती. हिरोच्या मांडीवर डोकं, बहिणीचं लग्न, गावची जमीन, सगळं मार्गी लावून मग मान टाकायची. मामा ऐकायचा नाही. एकदा एक दिग्दर्शक चार पानं डायलॉग घेऊन आले. मामा म्हणाला, "गोळी लागलेला माणूस भाषण करत नाही." ते काकुळतीला आले, "अहो, पण हिरोकडून वचन नको का घ्यायला?" मामा म्हणाला, "मग गोळी लागायच्या आधी घेतो की." युनिट खो खो हसलं. पण त्या हट्टापायी किती कामं गेली त्याला मोजदाद नाही. पेपरवाले लिहायचे, या नटाने खरं मरण पाहिलंय, म्हणून त्याचं मरण खरं वाटतं. ते वाचून माझी छाती फुगायची. गाढव मी... एक गोष्ट मात्र मला खटकायची. फौजी पट्ट्याला पाण्याची बाटली असली की मामा ड्रेसवाल्याला ती काढून घ्यायला लावायचा. ड्रेसवाला कुरकुरायचा, मामा वर बघायचाही नाही.

गेल्या वर्षी एक तरुण दिग्दर्शिका आली. हुशार पोरगी, बोलायला गोड. निवृत्त फौजी लालबागच्या खोलीत खाटेवर पडलाय आणि एका दुपारभरात हळूहळू मरतो, एवढीच तिची गोष्ट. आजूबाजूला कुणी नाही, तो फक्त पाणी मागतो. मामा ऐकून सरळ नाही म्हणाला. मी त्याच्या मागे लागलो. म्हटलं, "मामा, आयुष्यभर धपकन पडलास. आता एकदा दाखव ना लोकांना, की तुला अभिनय येतो." आठवडाभर रोज परळला जाऊन त्याचं डोकं खाल्लं. शेवटी त्याने विचारलं, "कुसुम बघणार नाही ना हे?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "मावशीचे गुडघे गेलेत, ती कुठे येतेय बघायला?" तो म्हणाला, "बघ हं, बाळ्या." तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. मी तिला हाकलली.

शूटिंगच्या दिवशी त्याने मला ओठांना रंग लावू दिला नाही. म्हणाला, "नको, ते आपोआप सुकतील." सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे मला मागाहून कळलं. कॅमेरा सुरू झाला. कागदावर फक्त 'पाणी' असं होतं. मामाने पहिल्यांदा ते म्हटलं, आणि तो आवाज त्याचा नव्हता. कुणा तरुण पोराचा होता. "अंत्या, पाणी दी रे..." मालवणीत. स्वतःच स्वतःला हाक मारत होता. परत, परत, मधे श्वास, मग परत. आणि शेवटी, अगदी हळू, "अंत्या, आयेक सांग, तू जा म्हटलंस, ताचा माका कायएक वाटूक नाय." कट म्हणायचं भान कुणाला राहिलं नाही. दिग्दर्शिका डोळे पुसत म्हणाली, काका, तुम्ही काय सुंदर भर घातलीत. मी टाळ्या वाजवल्या. मामा खाटेवर तसाच पडून होता आणि त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी वाजवायचा थांबलो.

फिल्म तयार झाली, दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये ओळखीच्यांसाठी खेळ ठेवला. आणि इथे मी माती खाल्ली. आमच्यात कार्य कुठलंही असो, लालबागला वामनच्या घरी बोलावणं गेल्याशिवाय ते कार्य नव्हे. वामन गेल्यापासून ते घर आम्ही आमचंच मानलं. मुंजीची पहिली अक्षत तिथे, दिवाळीचं पहिलं ताट तिथे. मामाचा एवढा मोठा मान, आणि कुसुममावशीला बोलवायचं नाही? लोक काय म्हणतील? मामाला सांगितलेलं मी साफ विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरलो नाही, मला वाटलं म्हातारा लाजतोय. मी स्वतः जाऊन तिला टॅक्सीने घेऊन आलो, हाताला धरून जिने चढवले, आणि मामाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मामाने तिला बघितलं आणि उठून जायला लागला. तेवढ्यात दिवे गेले.

मी पडद्याकडे बघतच नव्हतो, त्या दोघांकडे बघत होतो. पहिल्या 'अंत्या'ला मावशीची काठी खाली पडली. मामाला अंत्या म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ती शेवटच्या वाक्यापर्यंत हलली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ही दोघं बसलेली. मग मावशीने समोर बघतच विचारलं, "किती वेळ?"

"दुपारपर्यंत," मामा म्हणाला.

"सकाळपासून?"

"हो."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच. बांधामागे... पंधरा पावलांवर."

तिने काठी उचलली आणि निघाली. मी टॅक्सीत बसवायला धावलो, तिने माझा हात झटकला.

मामाला परळला सोडलं. त्याच संध्याकाळी, खाटेच्या कडेला बसून, बूटही न काढता, त्याने मला सगळं सांगितलं. वामनला पोटात गोळी लागली, तो भाताच्या खाचरात पडला होता. मामा बांधाआड होता. कमरेला भरलेली बाटली. वामन हाका मारत राहिला, आणि मामा गेला नाही. "पोटाला लागलेल्याला पाणी देत नाहीत, असं मला मागाहून लोकांनी समजावलं," मामा म्हणाला. "पण मी त्यासाठी थांबलो नव्हतो, बाळ्या. मी घाबरलो होतो." मी म्हटलं, कुणीही घाबरला असता. तो म्हणाला, "ते सोड. तो 'जा' ऐकलास ना तू?"

शेवटच्या रजेवर वामन आला होता तेव्हा आईने त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. तेवढ्यात परत बोलावल्याची तार आली. आई म्हणत होती दोन दिवस थांब, तो थांबेना. निघताना मामा त्याला घ्यायला दारात उभा होता. वामन म्हणाला, "आये, येतो." आपल्यात निघणाऱ्याला 'ये' म्हणतात. 'जा' कुणी वैऱ्यालाही म्हणत नाही. चुलीकडचं तोंड न वळवता आई म्हणाली, "जा मग." तो गेल्याची बातमी आली आणि त्या बाईने आपल्या जिभेने पोराला खाल्लं असं धरून घेतलं, ते मरेपर्यंत. तिला कितीजणांनी समजावलं. आणि तिला सोडवणारं एकच वाक्य मामाच्या खिशात होतं... वामनने स्वतः पाठवलेलं, की आईला सांग, तू जा म्हटलंस त्याचं मला काही वाटलं नाही. पण एका गोळीत मेलेला माणूस निरोप देत नाही. निरोप सांगायचा, तर वामन दुपारपर्यंत बोलत होता हे सांगावं लागलं असतं, आणि तू तेव्हा काय करत होतास, हा प्रश्न आला असता. "मी म्हणायचो, म्हातारीला त्रास नको म्हणून खोटं बोललो," मामा म्हणाला. "सगळं माझ्यासाठी होतं, बाळ्या. ती माझ्या प्रत्येक चित्राला यायची, आणि मी तिच्यासमोर परत परत झटकन मरायचो." 

त्यानंतर तो माझ्याशी साधंच बोलायचा. जेवलास का, पाऊस आहे का तिकडे. पण फोन ठेवताना रोज विचारायचा, "कुसुमचा काही निरोप?" मी रोज नाही म्हणायचो. लालबागला जाऊन तिच्या पाया पडायचं धैर्य मला झालं नाही, हेही सांगून टाकतो. नवव्या दिवशी नाईकांचा फोन आला.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, चांगले सहा-सात समोरच्या भिंतीवर रांगेत बसलेले, खाली बघत. मग नेहमीचं सुरू झालं. मी म्हटलं, मामा, तुझी खोली सांभाळतो. नाईक म्हणाले, तुमच्या तुळशीला पाणी घालतो. एकही कावळा हलला नाही. तासभर झाला असेल, तेव्हा पायऱ्यांवर काठी वाजली. कुसुममावशी एकटीच आली होती. सगळे बाजूला झाले. गुरुजी हळूच म्हणाले, "आजी, माफ केलं म्हणा. तेच अडलंय बहुतेक."

मावशी पिंडासमोर उभी राहिली. "अंतूदादा," ती म्हणाली, "पाण्याचं मी विसरेन. घाबरलास, पोरगाच होतास. पण आई तीस वर्षं स्वतःच्या तोंडात मारून घेत होती, ते तू बघत होतास. ते माफ करायचा हक्क माझा नाही, आईचा होता. मी नाही करत." आणि ती मागे सरली. कावळे तसेच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून काम उरकलं.

मला राग आवरला नाही. पायऱ्या चढताना म्हटलं, "मावशी, एक शब्द बोलायला काय जात होतं तुझं? मेलेल्या माणसाशी कसला हट्ट?" ती थांबली, दम खाल्ला. "तुझा मामा आमच्यासाठी जन्मभर खोटं मेला," ती म्हणाली. "त्याने काय झालं बघितलंस ना? आता मी त्याच्यासाठी खोटं बोलू?" मी तिला लालबागला सोडलं. उतरताना तिने विचारलं, "ते पिक्चर तुझ्या फोनमध्ये आहे का रे?"

आता दर रविवारी जेवण झालं की मी लालबागला जातो. मावशी आईचा फोटो भिंतीवरून काढून स्टुलावर ठेवते, त्याच्यासमोर माझा फोन उभा करते आणि स्वतः डोळे मिटून बसते. मामा खाटेवर पाणी मागायला लागतो. माझ्यासाठी तो मामा असतो, तिच्यासाठी नसतो. शेवटचं वाक्य आलं की ती आवाज मोठा करायला सांगते. फोटोजवळ तोंड नेऊन म्हणते, "ऐकलंस ना गो?" मग थोडा वेळ थांबते, आणि मला म्हणते, "परत लाव."