दगडाला चुन्याची निवळी

त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक दगड राहायला आला होता.

दगड म्हणजे पोवळं. समुद्रातलं, जिवंत. आमचे प्राणिशास्त्राचे सर कॉलेजच्या सहलीबरोबर कोकणात गेले होते. तिथून त्यांनी ते समुद्राच्या पाण्याच्या कॅनसकट सोलापूरला आणलं आणि रॉकेलच्या डब्याएवढ्या काचेच्या पेटीत ठेवलं. सुट्टीत सर पुण्याला जाणार होते. जाताना साऱ्या वर्गातून त्यांनी ती पेटी माझ्या हातात दिली. (बाकीची मुलं आदल्या दिवशीच आपापल्या गावी गेली होती, हे मला नंतर कळलं.)

"संध्याकाळी याच्यावर बारीक फुलांसारखी तोंडं उघडतात," सर म्हणाले. "ती उघडली की तब्येत ठीक आहे असं समजायचं. याला कॅल्शियम लागतं. रोज सकाळी चुन्याची निवळी, एक चमचा. एकच. पेटी लहान आहे, जास्त सोसणार नाही. मी परत आल्यावर हे मला जिवंत हवं आहे."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दीड वर्षात सरांनी मला नावाने हाक मारण्याचीही ही पहिलीच वेळ होती. पोवळं मेलं असतं तर ते नाव सरांच्या कायमचं लक्षात राहिलं असतं, आणि मला ते तसं राहायला नको होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. माणसांनाच जागा पुरत नव्हती, मग समुद्राला कुठून? शेवटी पेटी ज्वारीच्या पिंपावर बसली. दळण काढायचं झालं की दोघांनी ती उचलायची आणि थोडा समुद्र आईच्या पायावर सांडायचा.

"दगड हाय की ह्यो," अण्णा म्हणाले. माझे वडील गिरणीत होते. वस्तू हलती की न हलती, यावर त्यांचा भर असे.

"जिवंत आहे, अण्णा."

"मग हालत का न्हाई?"

"आतले प्राणी हलतात. संध्याकाळी तोंडं उघडतात."

"आन् खातंय काय?" आत्याने विचारलं. आत्या आमच्याकडेच असायची.

मी वही उघडून वाचून दाखवलं, "रोज सकाळी चमचाभर चुन्याची निवळी."

निवळी घरात होतीच. बाटलीत चुना खाली बसला की वर जे स्वच्छ पाणी राहतं, ते आई माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, दुधाचे दात पडून नवे येत होते म्हणून द्यायची.

"चमचाभर?" आई पेटीकडे बघत म्हणाली. "एवढ्यानं काय व्हतंय त्याचं?"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या घरी पाहुण्याला 'जेवलास का' असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे त्याला नको म्हणायला वाट करून देणं. सरळ ताट वाढायचं. आधी कुणी वाढलंय का, हेही विचारायचं नाही. तसं विचारणारा माणूस चिक्कू समजला जातो. पण हा नियम दगडालाही लागू होईल, असं आमच्या प्राणिशास्त्रात कुठे दिलेलं नव्हतं.

मी रोज आठला उठून मोजून एक चमचा निवळी घालत होतो आणि वहीत नोंद करत होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी तोंडं उघडली. सारी चाळ बघून गेली. दुसऱ्या दिवशी निम्मीच उघडली. तिसऱ्या दिवशी एकही नाही, आणि पाणी गढूळ. मी लिहिलं, 'पाणी पांढरट. कारण अज्ञात.'

चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसू लागलं. मी घाबरून माझा चमचा बंद केला. पाचव्या दिवशी ते ताकासारखं झालं. 'निवळी बंद. पाणी अधिक पांढरं. कारण अज्ञात.'

मी त्या पेटीसमोर दोन तास बसून विचार केला. बाहेरून चुना बंद, तरी आत चुना वाढतोय. म्हणजे तो आतूनच येतोय. माझ्या अंगावर काटा आला. मी सरांना पुण्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं: 'सा. न. वि. वि. पोवळे स्वतःच चुना तयार करते, असा माझा नम्र निष्कर्ष आहे. आपण आल्यावर सविस्तर बोलू.' (सविस्तर! मी, सरांशी!)

तीन दिवसांनी पहाटेच दार वाजलं. उघडतो तर सर. हातात बॅग. स्टेशनवरून थेट आलेले.

"कुठे आहे ते?" सरांनी विचारलं.

मी पेटी दाखवली. सर वाकून बघत राहिले. दगड दिसतच नव्हता.

"पोवळं चुना तयार करतं, हे खरं आहे," ते हळूच म्हणाले. "पण त्याला वर्षानुवर्षं लागतात. तू किती घातलास?"

"पाच दिवसांपासून काहीच नाही, सर."

एवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि अण्णा डबा घेऊन बाहेर आले. "रामराम, मास्तर. बसा की. ह्येचं तेवडं देऊन येतो." त्यांनी बाटली औषधासारखी खळखळून हलवली, खालचा सगळा चुना वर आणला आणि चमचा भरून पेटीत ओतला.

सर माझ्याकडे बघू लागले. मी वहीकडे बघू लागलो.

"रोज तुम्ही देता?" सरांनी विचारलं.

"व्हय. पोरगं आट वाजेपतोर झोपतंय. मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं व्हय?" सरांच्या हातात चहाचा कप देऊन अण्णा कामाला गेले.

मग आई आली. तिने पदर सावरला, चमचा घातला आणि सरांसमोर भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. तुळशीला पाणी घालून आत्या आली. चमचा पेटीत, करंज्या सरांच्या ताटात. डोळे चोळत सुमी उठली. तिने दोन चमचे घातले, कारण एक तिच्या बाहुलीच्या वतीने होता. शेवटी शेजारच्या नरसम्मा काकू घरची निवळी वाटीत घेऊन आल्या आणि त्यांनी चांगले तीन चमचे घातले.

"तुमच्या निवळीत जोर न्हाई," त्या आईला म्हणाल्या. "म्हणून मी आपली घरची आणते." आणि सरांसाठी त्यांनी तांदळाच्या चकल्याही आणल्या होत्या.

"मला खरंच भूक नाही हो," सर म्हणाले. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"आठ चमचे तरी होतात," सर करंजी गिळत मला म्हणाले. "रोजचे. तुला एकदाही दिसलं नाही?"

"मी आठला उठतो, सर."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. माझा शोध, माझं नाव, सगळं त्या ताकात बुडालं होतं. सर मात्र रागावले नाहीत. रागवायला तोंड मोकळं लागतं, आणि आईने नुकतीच दुसरी भाकरी वाढली होती. मी नुसताच उभा होतो. काहीतरी करायला हवं म्हणून आत गेलो, कपभर चहा आणला आणि न विचारता सरांच्या हातात ठेवला.

सरांनी आधी कपाकडे पाहिलं, मग पांढऱ्या पेटीकडे.

"ते तोंड का उघडत नव्हतं," सर म्हणाले, "ते आता मला कळलं."

पेटी घेऊन ते रिक्षाने गेले. दोनच दिवसांनी कॉलेज उघडलं आणि मी भीत भीत प्रयोगशाळेत गेलो. शिपायाने सांगितलं, सरांनी आल्याआल्या पाणी बदललं आणि आदल्या संध्याकाळी दगडाची थोडी तोंडं उघडली. मी तिथेच भिंतीला टेकून वही काढली आणि शेवटची नोंद केली:

'पोवळे जिवंत. सर मात्र पोट बिघडल्याने दोन दिवस रजेवर. कारण ज्ञात.'