बोस्टन ते फिलाडेल्फिया, व्हीलचेअरशिवाय

आमच्या जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळात कुणाचे आईवडील अमेरिकेला निघाले की फोन शैलाकाकूंना जातो. न्यूयॉर्कला कुठे राहावं, बोस्टनहून ट्रेन बरी की बस, वॉशिंग्टनला गाडी भाड्याने घ्यावी का. काकू सगळं सांगतात, पण आधी एक अट घालतात. आईवडिलांना धड चालता येत असेल, तर विमानतळावर व्हीलचेअर लावायची नाही.

पलीकडचा माणूस गडबडतो, कारण आपल्यात ती पद्धतच पडून गेली आहे. भाषा येत नाही, गेट लांब असतं, रांगेत घोळ होतो, म्हणून तिकीट काढताना लेकरं व्हीलचेअरवर खूण करून मोकळी होतात. रोज सकाळी टेकडी चढणारी बाई फ्रँकफर्टला उतरते ती खुर्चीत बसून, मांडीवर शाल, मागून ढकलणारा कुणीतरी. आपण गप्पा मारायला मोकळे. सोय म्हणून करतो हो, असं सगळे म्हणतात. असेल सोय. पण त्या सोयीच्या नादात काकूंचं राहतं घर जायची वेळ आली होती, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सांगते, आणि मध्येच माझा आवाज चढला तर चढू दे.

मी वल्लरी, मूळची पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. काकू खालच्या मजल्यावर राहतात. नवऱ्याच्या, म्हणजे गुरुदत्तकाकांच्या नोकरीमुळे त्या तरुणपणी इथे आल्या, जर्मन शिकल्या, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झाल्या. मुलं इथेच वाढली. मुलगा विहान इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी ईप्सिता लग्न होऊन फिलाडेल्फियाला. काका गेले, तरी काकू सायकलवर टांग मारून बाजारात जायच्या, जास्वंदीच्या कुंड्या वाढवायच्या, स्वयंपाक करताना इतक्या मोठ्यांदा नाट्यगीतं म्हणायच्या की माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जायची.

मग एका शरद ऋतूत ओल्या पानांवरून सायकल घसरली आणि मनगट मोडलं. मनगट हो, डोकं नाही. पण मुलांनी त्याच्यावरून ठरवूनच टाकलं. आईने एकटं राहायचं नाही. एर्लांगेनच्या भाड्याच्या घराची क्युंडिगुंग द्यायची, म्हणजे घर सोडत असल्याची घरमालकाला लेखी सूचना, आणि विहानच्या घराखालच्या खोलीत जायचं. खोली मी पाहिली आहे. खिडकीतून लोकांचे पाय दिसतात.

काकूंनी नाही म्हटलं. मुलांनी पुन्हा विचारलं, काकूंनी पुन्हा नाही म्हटलं, आणि असं हिवाळाभर चाललं. शेवटी एका रविवारी विहान इथे कॉफीला आलेला असताना काकू म्हणाल्या की उन्हाळ्यात त्या ईप्सिताकडे जाणार आहेत. विहानने लगेच मनसुबा सांगितला: फिलाडेल्फियापर्यंत थेट तिकीट, व्हीलचेअर, बाहेर जावईबापू गाडी घेऊन. काकूंच्या डोक्यात तिडीकच गेली. त्या म्हणाल्या, मी बोस्टनला उतरेन, मग न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया, सगळं बस-ट्रेनने, कुणाच्या घरी न उतरता, कुणाची मदत न घेता. विहान हसला. म्हणाला, "तेवढं जमलं ना आई, तर घराचा विषय मी परत काढणार नाही." मी तिथेच बसले होते, केक खात. मी साक्षीदार.

तर पैज लागली. फ्रँकफर्टला काकू काउंटरवर गेल्या तर बाई म्हणाली, तुमची व्हीलचेअर येतेय, बाजूला थांबा. ईप्सिताने गुपचूप लावून ठेवलेली. काकूंनी शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं की मला पाय आहेत, आणि गेटपर्यंत अशा भराभर चालत गेल्या की तिथे जाऊन तासभर बसावं लागलं.

आता तुम्ही जाणार असाल तर ऐका. बोस्टनच्या विमानतळावरून गावात येणारी सिल्व्हर लाइनची बस फुकट आहे. टॅक्सीवाल्यांकडे बघूसुद्धा नका. बस साउथ स्टेशनला सोडते, न्यूयॉर्कची ट्रेन तिथूनच सुटते. ट्रेनचं तिकीट आपल्यासारखंच आहे, आधी काढलं तर परवडतं, ऐन वेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. बोस्टनचं जुनं गाव पायी बघायचं, जमिनीवर लाल विटांची रेघ आहे, तिच्यामागून चालत राहायचं. काकू चालल्या. मनगटाला पट्टा होता, पायाला नव्हता.

न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, हे वेगळंच प्रकरण. इथे आपण सरळ प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहतो, तपासनीस आला तर आला. तिथे दारातच अडवतात. बँकेचं कार्ड टेकवलं की दार उघडतं, आणि माणशी एकदा टेकवायचं. रोज तेच कार्ड वापरायचं, म्हणजे आठवड्याची मर्यादा ओलांडली की पुढचे प्रवास फुकट. रस्त्यावरून जिना उतरण्याआधी पाटी वाचायची, कारण काही जिने फक्त एकाच दिशेच्या गाडीकडे जातात. चुकलात तर बाहेर या, रस्ता ओलांडा, पुन्हा पैसे भरा. काकू पहिल्याच दिवशी चुकल्या. शिवाय एक्स्प्रेस गाडी मधली स्टेशनं गाळते, तीत बसून त्या पार हार्लेमला पोचल्या, तिथे उतरून छान मासे खाल्ले आणि परत आल्या. टिपेचं मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. बिलाच्या वर पाचवा हिस्सा, आणि तो आपण होऊन द्यायचा. काकूंनी दिला, पण प्रत्येक वेळी मला फोन करून तक्रार केली.

मला फोन केलेला पैजेत चालत होता, कारण मी मदत करत नव्हते, फक्त ऐकत होते. ईप्सिताचं मात्र नुसत्या फोनवर भागत नव्हतं. तिने आईच्या मोबाईलवर ठिकाण दिसायची सोय करून ठेवली होती आणि दिवसभर त्या ठिपक्यावर डोळा ठेवून असायची.

घोटाळा झाला तो फिलाडेल्फियाला निघायच्या दिवशी, आणि तो आपल्या जर्मनीवाल्यांचाच व्हायचा. इथे गाडी अर्धा तास उशिरा येईल, पण कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते महिनोन्‌महिने आधी छापलेलं असतं, आपला डबा कुठे उभा राहणार तेही. आपण दहा मिनिटं आधी त्या जागेवर जाऊन उभे. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला काकू पोचल्या तर बोर्डावर गाडीचं नाव होतं, प्लॅटफॉर्मची जागा कोरी. त्यांनी चौकशीच्या खिडकीत विचारलं. माणूस म्हणाला, बोर्डाकडे बघत राहा. काकूंना वाटलं, हा टाळतोय. दुसऱ्या खिडकीला रांग लावली. तिथल्या बाईनेही तेच सांगितलं, गाडी सुटायच्या जरा आधी नंबर लागतो. काकूंचा पारा चढला. रेल्वेला स्वतःची गाडी कुठे लागणार हे माहीत नाही म्हणजे काय, यावर त्यांनी त्या बाईला चांगलं खडसावलं. खडसावता खडसावता मागे नंबर लागला, सगळं स्टेशन सरकत्या जिन्याकडे धावलं, आणि काकू मागे वळेपर्यंत जिन्यावरच्या माणसाने दोरी लावली. तिथे गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधीच दार बंद करतात. गाडी गेली.

पुढच्या गाडीच्या तिकिटाची किंमत विचारली तर तोंडचं पाणी पळालं. काकू बाकावर बसल्या. मला नंतर म्हणाल्या, वल्लरी, त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की पोरं बरोबर बोलत असतील.

मग त्यांना बायर्न-तिकीट आठवलं. आपल्याकडे ते काढलं की अख्ख्या बव्हेरिया राज्यात दिवसभर हिंडा, फक्त साध्या गाड्यांनी. काकाकाकूंनी सगळे रविवार तसेच काढलेले. काकूंचं म्हणणं असं की जिथे एका गावची लोकल संपते तिथे पुढच्या गावची सुरू होते, जगात सगळीकडे. त्या उठल्या, न्यू जर्सीच्या लोकलचं तिकीट यंत्रातून काढलं, आणि या वेळी बोर्डाखाली जाऊन ठाण मांडून उभ्या राहिल्या. नंबर लागल्याबरोबर निघाल्या. ही गाडी ट्रेंटनपर्यंत जाते, ट्रेंटनला फिलाडेल्फियाची लोकल मिळते. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच वाचतात. लिहून घ्या.

तिकडे ईप्सिताला ठिपका भलत्याच गाडीत दिसला आणि तिचा जीव टांगणीला लागला. तिने वाटेवरच्या एडिसन गावातल्या सुमितला, तिच्या नवऱ्याच्या मित्राला, फोन केला. सुमितने काकूंना केला. अगदी गोड पोरगा. म्हणाला, काकू, मेट्रोपार्क स्टेशनला उतरा, मी गाडी घेऊन उभा आहे, बायकोने वरणभात लावलाय, संध्याकाळी तुम्हाला दारात सोडतो. काकू नाश्ता न करता निघाल्या होत्या, पाय सुजले होते, गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती. वरणभात म्हटल्यावर कुणाचाही निश्चय विरघळेल. त्यांनी बॅग दाराजवळ आणून ठेवली.

आणि इथे, एर्लांगेनमध्ये, दुपार कलली होती. मी बाजारातून आले तर काकूंचं दार सताड उघडं. आत विहान, घरमालकाच्या ऑफिसातली बाई, आणि एक तरुण जोडपं. जोडप्यातली मुलगी स्वयंपाकघराची भिंत टेपने मोजत होती. जास्वंदीच्या कुंड्या जिन्यात काढून ठेवल्या होत्या.

मी विहानला विचारलं, हे काय चाललंय. तो शांतपणे म्हणाला, ईप्सिताचा फोन आला होता, आईची गाडी चुकली, सुमित तिला घ्यायला गेलाय, म्हणजे ती हरली. चांगला भाडेकरू कुणासाठी थांबत नाही.

मी काही दुधखुळी नाही. जर्मनीत टेर्मिनशिवाय, म्हणजे आधी वेळ ठरवल्याशिवाय, कुणी घर बघायला येतं का? त्या बाईची वेळ मिळायलाच आठवडा लागतो. म्हणजे काकू बोस्टनमध्ये लाल विटांवरून चालत होत्या तेव्हाच या पोराने आजची वेळ ठरवलेली होती. पैज त्याने खेळलीच नव्हती. आईला खेळणं हातात देऊन बसवलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याच्यासमोरच काकूंना फोन लावला आणि जे दिसत होतं ते सांगितलं, मोजायच्या टेपसकट.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. गाडीचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, स्पीकरवर टाक.

मी टाकला. मागून कंडक्टर मेट्रोपार्क, मेट्रोपार्क असं ओरडत होता. दार उघडल्याचा आवाज आला, माणसं उतरली, चढली. विहान म्हणाला, "आई, बिटे, प्लीज उतर. सुमित बाहेर उभा आहे. आपण नंतर बोलू."

दार बंद झालं. गाडी हलली.

"मी गाडीतच आहे," काकू म्हणाल्या. "पुढे ट्रेंटन, मग फिलाडेल्फिया. सुमितची माझ्या वतीने माफी माग, बिचाऱ्याचा भात वाया गेला."

विहान जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला, तिच्या काळजीपोटीच केलं अशा अर्थाचं. काकूंनी त्याला मध्येच थांबवलं.

"विहान, आता नीट ऐक. मी फिलाडेल्फियाला पोचेन किंवा चुकून कुठेतरी भलतीकडे जाईन. गाडी आणखी एकदा चुकेल. पडेनसुद्धा. घर तरीही माझंच आहे, भाडेकरार माझ्या नावावर आहे आणि मी सही करणार नाही. माझ्याच घरात राहायला मी परीक्षा द्यायला तयार झाले, ही माझी चूक. तू ती परीक्षा घेतलीस, ही तुझी. आता त्या लोकांना कॉफी दे आणि पाठव."

त्या तरुण मुलीला मराठी कुठलं समजणार, पण आवाज समजला असावा. तिने टेप मिटली आणि माझ्याकडे बघून हळूच माफी मागितली. ऑफिसातल्या बाईने विहानला विचारलं, भाडेकरीण स्वतः घर सोडतेय असं तुम्ही म्हणाला होतात ना? विहान कानापर्यंत लाल झाला.

फोन चालूच होता. "आणि कुंड्या," काकू म्हणाल्या, "आत उन्हात ठेव."

विहान जिन्यात गेला आणि एकेक कुंडी उचलून आत आणू लागला. मी दार धरून उभी राहिले. मदत केली नाही.